राष्ट्रांच्या बाई

नवा देश स्वतंत्र झाला की आमच्या स्टाफरूममध्ये पेढे यायचे.

कोल्हापूरच्या त्या मुलींच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले, तो माझा पहिलाच महिना होता. एक उंच, काटक बाई एका काखेत छत्री आणि दुसऱ्या काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन आत आल्या. ओळख ना पाळख, माझ्या तळहातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. बोट्सवाना झाला!"

मला वाटलं, यांच्या नात्यात कुणाला तरी मुलगा झाला. मी आपलं साताऱ्याच्या रीतीनं विचारलं, "बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?"

सगळी स्टाफरूम हसली. बाई हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "बाळ अशक्त आहे. सगळं वाळवंट, पाणी नाही. पण जगेल."

त्याच आठवड्यात लेसोथो झाला आणि पुन्हा पेढा मिळाला. पुढे देश वाढत गेले तसे पेढ्यांचे फुटाणे झाले; पण वाटायचं काही थांबलं नाही. निवृत्त होऊन त्या कागलकडच्या आपल्या गावी राहायला गेल्यावरसुद्धा, दक्षिण आशियातले सात देश एका टेबलाभोवती बसले त्या दिवशी, एसटीच्या कंडक्टरच्या हाती त्यांनी माझ्यासाठी सात पेढ्यांचा पुडा धाडला होता. त्यातला एक कंडक्टरनं खाल्ला होता. कुठला देश गेला ते कळलं नाही.

त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. मुली त्यांना ‘राष्ट्रांच्या बाई’ म्हणत. त्यांचा नकाशा इंग्रजांच्या वेळचा होता, अर्धंअधिक जग लालेलाल. एकेक देश सुटला की बाई लहान मुलांच्या खडूनं त्यावर नवा रंग चढवायच्या. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून आईच्या जुन्या लुगड्याचं कापड लावलं होतं. वर्गात नकाशा उलटा टांगला गेला की सगळ्या खंडांच्या जागी हिरवं इरकली लुगडं दिसायचं.

राहायला त्या शिवाजी पेठेत होत्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि रेडिओ नाही. "बातम्या एकट्यानं ऐकायच्या नसतात," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी त्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीसमोर जाऊन उभ्या राहायच्या. पानवाला त्यांच्यासाठी आवाज वाढवायचा. तालमीतली पोरं, दूधवाले, कुणी सायकलवरून उतरलेले, अशा घोळक्यात बाई एकट्याच बाईमाणूस. आणि ऐकता ऐकता त्या रेडिओशी भांडायच्या. "असं कसं? काल तर वेगळं सांगितलंत की!"

पानवाला म्हणायचा, "बाई, त्याला आयकू जात न्हाय."

"जात नाही म्हणूनच बोलतो मी. जात असतं तर बोलू दिलं असतं का?"

वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकी. पण रंगात आल्या की कोल्हापूरच्या बायकांसारखं त्यांचं ‘मी जातो, मी बोलतो’ सुरू व्हायचं.

त्यांचा जीव सगळ्यात जास्त रमायचा तो एका धड्यात. लष्करी करार आणि आपला देश. त्या दिवशी शेजारच्या वर्गातला माझा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही, म्हणून मीही शिकवायचं सोडून ऐकत बसायची.

"लष्करी करार म्हणजे काय?" बाई विचारायच्या. "तुझ्यावर कुणी काठी उगारली तर ती माझ्यावर उगारली असं समजून मी येईन, हे आज लिहून द्यायचं. चांगलं आहे की! पण उद्या तूच काठी घेऊन दुसऱ्याच्या बांधावर गेलीस तर? तरी मला यावं लागणार. कारण लिहून दिलंय. अगं, भावकी जन्मानं मिळते, ती निभवता निभवता माणूस मेटाकुटीला येतो. आणखी भावकी विकत कशाला घ्यायची?"

बांध आणि भावकी म्हटलं की करवीर, कागल, पन्हाळा, सगळीकडच्या मुलींना चटकन कळायचं. पण बाई तिथं थांबायच्या नाहीत. "आता पाकिस्तान बघा. तो गेला अमेरिकेच्या करारात. त्याला लबाड म्हणून मोकळ्या होऊ नका. वाटणी झाली, धाकट्याला थोरल्याची भीती वाटली, म्हणून तो गावच्या पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसला. त्याची भीती खरी का खोटी ते पुढं बघू. आधी ती समजून घ्या."

ही समजून घेण्याची हौस दरवर्षी गणपती झाल्यावर फळाला यायची. बाई ‘राष्ट्रांची परिषद’ भरवायच्या. तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, मुलींनी एकेक उचलायची, जो देश निघेल त्याची बाजू मांडायची. आपल्याला आवडो न आवडो, त्या देशाच्या माणसाला पटेल अशीच. चिठ्ठी बदलून मिळायची नाही. घरात कुणापुढं तोंड न उघडणाऱ्या मुली तिथं फ्रान्स होऊन टेबलावर हात आपटायच्या.

एकाहत्तर साली मात्र सगळंच अवघड होतं. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, आमच्या मुली त्यांच्यासाठी कपडे गोळा करत होत्या, आणि लढाई होणार हे रस्त्यावरचा माणूसही सांगत होता. त्यातच आपल्या देशानं रशियाशी करार केला. इतिहासाचे एक प्राध्यापक दुसऱ्या दिवशी वाटच बघत होते. "काय बाई, आज पेढे की फुटाणे? भावकी विकत घेतली की तुमच्या देशानं!"

बाई म्हणाल्या, "मला अजून नीट कळलं नाही. कळलं की सांगेन."

आणि खरंच नकाशा उघडून बसल्या. ‘मला कळलं नाही’ असं चारचौघांत सांगणारं माणूस मी त्या स्टाफरूममध्ये दुसरं पाहिलं नाही.

त्या वर्षी तांब्यातला पाकिस्तान शालनच्या हाताला लागला. शालन शिवाजी पेठेतलीच. तिचा सख्खा भाऊ पलटणीत होता आणि त्याची पलटण नुकतीच पूर्वेकडं हलली होती. पोरगी रडायलाच लागली. "बाई, मला बदलून द्या. माझा दादा तिकडं गेलाय. मी न्हाय बोलणार त्यांच्या बाजूनं."

बाईंनी तिला शेजारी बसवलं. "तुझा दादा ज्यांच्यासमोर उभा राहणार, ती माणसं काय समजून तिथं आलीत, हे तुला ठाऊक नको? नको वाटलं तर बोलू नकोस. मी रागावणार नाही. पण चिठ्ठी घरी ने, चार दिवस जवळ ठेव."

शालननं चिठ्ठी नेली. चौथ्या दिवशी ती आली ती अभ्यासाची पुस्तकं मागायला. पाचव्या दिवशी तिचा चुलता आला.

पांढऱ्या मिशा, कडक पटका, हातात काठी. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. दारातूनच गरजला, "पाकिस्तानच्या बाई कोण हायत हितं?"

"मी," बाई उठल्या. "बसा. चहा घेणार?"

"च्या नको. माझी पुतणी तुमच्या वर्गात हाय. तिचा भाऊ आज हाय, उद्या कुठं आसंल ठावं न्हाय. आणि तुमी तिच्या तोंडनं पाकिस्तान बोलवताय? ही कसली शाळा म्हणायची?"

बाई मात्र त्यांच्या कोटावरच्या पदकांकडं बघत होत्या. "तुम्ही कुठल्या लढाईत होता?"

"इटलीत."

"इटली! कुठं?" बाईंनी नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर आमचे चहाचे कप ठेवले. "दाखवा बघू."

सुभेदार जरा गोंधळले; पण नकाशा समोर आल्यावर कुठल्या सैनिकाला राहवतंय? काठी बाजूला ठेवून ते वाकले. "ही नदी. हितं आमी. ह्या अंगाला न्यूझीलंडवाले, पल्याड पोलंडवाले. समदी एका जागी. म्हणून सांगतो बाई, एकट्यानं लढता येत न्हाय. बासष्टला बघितलं न्हवं? चीन अंगावर आला तवा कोण आलं? आपण कुणाच्यात न्हाय म्हणून बसलो. मग आपलं कोण?"

बाईंनी हिमालयाच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे खरं आहे, सुभेदार. याचं उत्तर मला बासष्टपासून नीट देता आलेलं नाही. पण एक सांगा. त्या इटलीतल्या माणसांशी तुमचं भांडण काय होतं?"

"कायबी न्हवतं."

"मग गेलात कसे?"

"सायबानं बोटीत बसवलं. बोट कुठं चाललीय ते समुद्रात गेल्यावर कळलं."

"बघा," बाई म्हणाल्या, "मला एवढंच हवंय. बोटीत बसायच्या आधी कळावं, कुठं चाललोय ते. आणि समोरचा त्याच्या बोटीत का बसला, तेही कळावं. शालन त्याच्यासाठी बोलणार आहे."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. चहा मागितला. दोन घोट घेऊन म्हणाले, "पोरगी बोलंल का पर नीट?"

"बोलेल. माझी अडचण वेगळीच आहे. अमेरिका झालेल्या मुलीला कावीळ झालीय. अमेरिका मोकळी आहे. होता का?"

"मी? अमेरिका?"

"पाकिस्तानच्या पाठीशी उभं राहायचं."

"म्हंजे पुतणीच्याच की!" म्हातारा असा हसला की पटका सुटायची वेळ आली.

आमचे प्राचार्य मात्र हवालदिल झाले. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "परिषद घ्या, पण यंदा पाकिस्तान तेवढा वगळा."

बाई म्हणाल्या, "सर, पाकिस्तानशिवाय परिषद म्हणजे व्याह्याशिवाय लग्न. जेवणावळ होईल, पण लग्न लागणार नाही."

परिषदेच्या दिवशी सकाळीच पेठेत आवई उठली की पोरींच्या कॉलेजात ‘पाकिस्तान झिंदाबाद’ होणार. दुपारी फाटकाशी पंचवीस-तीस पोरं जमली. तालमीतली, फुटबॉलच्या मैदानावरची, अंगानं भरलेली आणि तोंडानं मोकळी. शिपायानं फाटक लावून घेतलं. शालन भिंतीला टेकून उभी होती. बाई छत्री घेऊन निघाल्या तेवढ्यात फाटकाबाहेरूनच आवाज आला.

"काय रं? काय काम काढलंय?"

सुभेदार येत होते. धुतलेला पटका, इस्त्रीचा कोट, छातीवर सगळी पदकं.

एकजण म्हणाला, "तात्या, आत पाकिस्तानच्या बाजूनं भाषण हाय म्हणं."

"हाय की. माझी पुतणी करणार हाय. तिचा भाऊ पलटणीत हाय. तुमच्यातल्या कुणाकुणाचा हाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मग गप आत येऊन ऐका. पान थुकून या. आणि शिटी मारली तर गाठ माझ्याशी हाय. मी अमेरिका हाय!"

पोरं थुंकून, चपला दाराशी काढून, मागच्या बाकांवर ओळीनं बसली.

शालन उभी राहिली, हातातला कागद उलटसुलट केला. मग तिची नजर चुलत्याकडं गेली. ते मान ताठ करून अमेरिकेच्या खुर्चीवर बसले होते. तिनं सुरुवात केली. आमचा देश नवा आहे, दोन तुकड्यांत आहे, मध्ये हजार मैल परका मुलूख. शेजारी आमच्यापेक्षा कितीतरी मोठा. आम्ही आधार शोधला तर तुम्ही नावं ठेवता, पण भीती वाटलेल्या माणसानं काय करायचं असतं? पूर्वेकडं जे चाललं होतं त्यावर इतर देशांनी तिला धारेवर धरलं. तिनं पाकिस्तान जे म्हणत होता तेच सांगितलं. पण सांगताना तिनं नजर कागदावरून वर उचलली नाही आणि ते सभागृहाला दिसलं. बाईंनी तिला थांबवलं नाही, पाणी मात्र दिलं.

मग तिनं उलट वार केला. "भारत म्हणतो, आम्ही कुठल्याही गटात नाही. आम्ही करार केला की ती गुलामी. मग तुम्ही परवा रशियाशी केलात तो काय?"

भारत झालेली विजया ही गगनबावड्याकडची अगदी अबोल मुलगी. पाठ केलेलं भाषण तिचं म्हणून झालं होतं. यावर त्यात काही नव्हतं. तिनं बाईंकडं पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मागच्या बाकांवरची पोरं पुढं सरकली. आपला देश अडकला होता आणि कुणाला काही करता येत नव्हतं.

विजयानं हातातला कागद खाली ठेवला. मग पुस्तकी मराठीही खाली ठेवली. "शेजारणीकडनं विरजण आणलं म्हणून आम्ही काय तिच्या घरात नांदायला गेलो न्हाय की! आमचं दूध, आमचं भांडं, दही आमच्याच घरात लागणार. आणि उद्या ती म्हणाली, माझ्या जावंशी भांडायला चल, तर आम्ही न्हाय जाणार!"

सभागृहात हशा उसळला. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि अमेरिकेनंच आधी टाळी वाजवली. शालनही हसत होती, पण बसली नाही. "आणि विरजण परत मागितलं तर?"

"तर वाटीभर दही देऊ," विजया म्हणाली, "पण भांडं न्हाय!"

सुभेदारांची पाळी आली. बाईंनी शिकवलेलं ते शिस्तीत बोलले, अमेरिकेला काय वाटतं, का वाटतं. मग राहवेना. "पर मला इचाराल तर—"

बाईंनी घंटा वाजवली. "अमेरिकेनं स्वतःचं मत सांगू नये."

मत घ्यायची पद्धत बाईंनी कधी ठेवली नव्हती. सगळ्यांनी भडंग खाल्लं. इतिहासाचे प्राध्यापक पुडी घ्यायला आले, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "मला कळलं हो. विजयानं सांगितलं ते."

डिसेंबरात लढाई झाली. त्या दिवसांत पानपट्टीसमोर बाई आणि सुभेदार शेजारी शेजारी उभे असायचे, मधे शालन. बाई रेडिओशी एक शब्द बोलत नव्हत्या. लढाई संपल्याचं सांगितलं तेव्हा पेठेत फटाके उडाले. शालनच्या घरी मात्र भावाची खुशाली कळेपर्यंत चूल धड पेटली नाही. तो सुखरूप होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो रजेवर आला आणि सुभेदार त्याला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. उंच, लाजरा, उन्हानं काळा पडलेला. "बाई, मी तिकडं लढतोय आणि घरात माझी भनच पाकिस्तान! पलटणीत सांगितलं तर लय हसली समदी."

बाईंनी त्याला नकाशापाशी बसवलं. तो सांगत होता. लढाईनंतर कैद्यांच्या आगगाडीवर त्याची नेमणूक होती. त्यात पंजाबकडचा एक पोरगा होता, याच्याच वयाचा, तोंड फिरवून बसलेला. "दोन दिस बोलला न्हाय. मग त्यानंच इचारलं, कुठला तू? मी म्हटलं, कोल्हापूर. तर ताडकन उठून बसला की! म्हणला, माझा आजा कोल्हापुरात कुस्ती लढून आलाय. महाराजांच्या वक्ताला."

"मग?" सुभेदार पुढं झाले. "जिंकला का हारला?"

"जिंकला म्हणतोय."

"खोटं बोलतोय!" सुभेदार उठलेच. "आपला पैलवान हारायचा न्हाय. नाव काय म्हणला आज्याचं?"

त्यानं नाव सांगितलं. बाईंच्या पुढच्या तासाची घंटा झाली होती. त्यांनी मला म्हटलं, "माझा वर्ग सांभाळा. नको, तुम्हीही चला." आणि छत्री उचलली. आम्ही चौघं उन्हातून शिवाजी पेठेत आलो. एका तालमीच्या मागच्या खोलीत एक म्हातारे वस्ताद राहायचे. दृष्टी गेलेली, कान मात्र शाबूत. जुन्या कुस्त्यांचा निकाल पाहिजे तर पेठ त्यांच्याकडं जायची.

सुभेदारांनी कानाशी वाकून नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं ते नाव दोनदा पुटपुटलं. मग त्याचे हात अंथरुणावरच हलायला लागले, पकड घेतल्यासारखे.

"लाहोरचा. व्हय. उजव्या कानाची पाळी तुटलेली. मी पोरगा होतो, झाडावर बसून बघितलीया. दीस बुडाला तरी कोण पडंना. शेवटाला महाराजांनीच उठून सोडवली. बरोबरीत."

"बरोबरीत?" सुभेदारांचा चेहरा पडला.

"मग? दोघंबी तसलेच हुते. महिनाभर आमच्याच तालमीत राहिलावता त्यो. जाताना रडला."

बाई दाराच्या चौकटीला धरून इतक्या हसत होत्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. सुभेदारही मग हसले. हारलो तर नाही ना, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. आम्ही निघालो, तेवढ्यात वस्तादांनी हात पुढं करून शालनच्या भावाला चाचपलं.

"त्याचा नातू कैदेत हाय म्हणलास न्हवं?"

"व्हय, वस्ताद."

"दूध मिळतंय का त्याला? पैलवानाचा नातू हाय. भाकरीवर भागायचं न्हाय त्याचं."

शालनचा भाऊ घुटमळला. बाईंकडं पाहिलं, चुलत्याकडं पाहिलं.

"मिळतंय की, वस्ताद," तो म्हणाला. "मी रोज माझ्यातलं दिलंय."

"मग झालं," म्हणून वस्ताद कुशीवर वळले.